सव्वादोनशे ग्रॅमचा शर्ट

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दीपाताई गजभिये यांनी आमच्या रनिंग क्लबचा कोरा टी-शर्ट कॅनडातल्या मिल्टन गावच्या लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये, सगळ्यांच्या देखत, पाण्याच्या बादलीत बुडवला. बादली त्यांनी घरून गाडीच्या डिकीत घालून आणली होती. शर्ट बाहेर काढून त्यांनी एकदा झटकला आणि क्लबचे अध्यक्ष नंदन करंदीकर यांच्या हातात दिला.

"धरा," त्या म्हणाल्या. "जड लागतो ना? घामानं असाच होणार आहे. हे अंगावर घेऊन बेचाळीस किलोमीटर पळायचंय. तुम्ही पळणार नाही आहात, करंदीकर साहेब. आम्ही पळणार आहोत."

नंदनकाकांच्या पांढऱ्या बुटांवर पाणी ठिबकत होतं. ते हसले आणि म्हणाले, "दीपा, सकाळी सकाळी एवढा राग?" बाकीचेही हसले. मीही हसले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे.

मी अपूर्वा. मिल्टनमध्ये फार्मसिस्ट आहे आणि तेव्हा आमच्या 'पायवाट' क्लबची सेक्रेटरी होते. पायवाटमध्ये आम्ही पंचवीस-सव्वीस मराठी माणसं. दर रविवारी सकाळी सातला जमायचं, आपापल्या ताकदीप्रमाणे पळायचं आणि मग कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पोहे खायचे. क्लब काढला नंदनकाकांनी. अठ्ठ्याहत्तर साली ते इंजिनियर म्हणून कॅनडात आले, आता बहात्तरीचे आहेत. तरुणपणी अकरा मॅरेथॉन पळालेत. माणूस वाईट नाही, मुळीच नाही. नवीन आलेल्या कितीतरी पोरांना त्यांनी एअरपोर्टवरून घरी आणलंय, महिना महिना ठेवून घेतलंय, पहिलं विंटर जॅकेट स्वतः घेऊन दिलंय. त्यामुळे झालंय असं, की त्यांना नाही म्हणायची आमच्यात कुणाची जीभच उचलत नाही.

दीपाताईंची उचलत होती.

त्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. वय चौपन्न. चणीनं लहान, केस अगदी बारीक कापलेले. टेक्स्टाइल इंजिनियरिंग करून, लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इकडे आल्या. इथे त्यांची डिग्री कुणी विचारली नाही. चार वर्षं त्यांनी एका लाँड्रीच्या कारखान्यात हॉस्पिटलच्या चादरी घड्या केल्या. मग मार्कहॅमला कापड तपासायच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या, आणि आज वीस वर्षं तिथेच आहेत. रोज मिल्टनहून मार्कहॅम आणि परत. कामगारांचे हातमोजे, फायरमनचे कोट, थंडीतली जॅकेटं, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. त्यांच्या लॅबमध्ये एक यंत्र आहे. धातूची गरम पाटी, तिच्यातून माणसाच्या कातडीसारखं पाणी पाझरतं. तिच्यावर कापड पसरायचं आणि त्यातून किती वाफ बाहेर पडते ते मोजायचं. दीपाताई त्याला 'घामाचा तवा' म्हणतात. कुठलं कापड अंगावर काय करतं हे त्यांना वाचून माहीत नव्हतं. त्यांनी ते मोजलेलं होतं.

त्यांचे वडील नागपूरच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ही गोष्ट मला त्यांच्या आईनं, कमलाबाईंनी सांगितली. त्या दीपाताईंकडेच राहतात. सूत तुटू नये म्हणून गिरणीच्या त्या खात्यात मुद्दाम हवा दमट ठेवायचे. नागपूरचा मे महिना, वर पत्रा, आणि आत वाफ. माणसं बनियनवर काम करायची आणि बनियनसुद्धा पिळून घालायची. एका दुपारी दीपाताईंचे वडील साच्यापाशीच पडले. सेहेचाळीस वर्षांचे होते. दीपाताई तेव्हा नववीत.

"साहेब घरी आला होता," कमलाबाई म्हणाल्या. "म्हणे, आश्चर्य आहे, या लोकायले तर उन्हाची सवय राहते. हे पोरगी दारात उभी होती. तिनं आयकलं."

तर अशा या बाई. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी पळायला सुरुवात केली आणि तोवर चार मॅरेथॉन पुऱ्या केल्या होत्या. आमच्यातले निम्मे लोक नीट कपडे घालायला त्यांच्याकडूनच शिकले, आणि शिकताना बोलणी खाल्ली. जानेवारीत उणे चौदामध्ये मी पहिल्यांदा पळायला गेले तेव्हा जाड पफर जॅकेट घालून गेले होते. दीपाताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे काय? बर्फ शोव्हल करायला निघालीस? दोन किलोमीटरमध्ये आतून भिजशील आणि तिसऱ्यात गारठशील." मग तिथेच उभ्या उभ्या त्यांनी समजावून सांगितलं. थर्मामीटरवर जो आकडा असेल त्यात दहा मिळवायचे, आणि तेवढ्या हवेत फिरायला जाताना जे घालू ते घालायचं. अंगाला लागून घाम बाहेर फेकणारं पातळ कापड. वर हवेपुरतं ऊबदार काही. वारा असेल तरच सगळ्यात वर वारा अडवणारं. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. वाजली नाही तर कपडे जास्त झाले. आणि कॉटन कधीच नाही, कुठल्याच ऋतूत नाही.

"आणि मॅरेथॉनला सगळ्यात चांगली हवा कुठली?" शौनकनं विचारलं होतं. शौनक चौतीस वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरवाला. नंदनकाकांकडेच महिनाभर राहिलेला. त्याची ही पहिली मॅरेथॉन होती.

"पाच ते दहा डिग्री. ढगाळ. वारा नाही," दीपाताई म्हणाल्या. "उभं राहिल्यावर नकोशी वाटणारी हवा पळायला बेस्ट असते. पंधराच्या वर गेलं की दर डिग्रीला वेग कमी करायचा. वीसच्या वर वेळ विसरायची. पंचवीसच्या वर घरी बसलं तरी कुणाच्या बापाचं काही जात नाही."

शौनकनं हे फोनमध्ये लिहून घेतलं होतं. मी पाहिलंय.

आता तो शर्ट. क्लबला दहा वर्षं झाली म्हणून मेमधल्या लेककाठच्या मॅरेथॉनमध्ये आमचे चौदा जण पळणार होते, आणि सगळ्यांनी एकसारखा शर्ट घालायचा असं नंदनकाकांनी ठरवलं. विक्रम म्हणून एक रिअल्टर आहे, मिल्टनच्या नव्या सबडिव्हिजनमधली घरं विकतो, त्यानं शर्ट दिले. जाड मरून कॉटन. छातीवर जेवणाच्या ताटाएवढं क्लबचं चिन्ह आणि पाठीवर विक्रमचा हसरा चेहरा, दोन्ही जाड रबरी छपाईत. दीपाताईंनी एक शर्ट लॅबमध्ये नेला. वजन सव्वादोनशे ग्रॅम. भिजवून पिळल्यावर पावणेसहाशे. आणि छपाईच्या जागी घामाच्या तव्यावर वाफ जवळजवळ निघेचना. त्यांनी आकडे लिहून क्लबच्या ग्रुपवर टाकले. कुणी उत्तर दिलं नाही. कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. तेव्हा त्या बादली घेऊन आल्या.

बादलीचाही उपयोग झाला नाही. नंदनकाका मला म्हणाले, "अपूर्वा, एक मेल टाक. शर्ट कंपल्सरी. जो घालणार नाही तो ग्रुप फोटोत नाही. डिसिप्लिन हवी." मी मेल टाकली. 'कंपल्सरी' हा शब्द ठळक केला. तो माझ्या मनाचा.

मॅरेथॉन रविवारी होती. बुधवारी हवामानाचा अंदाज आला, सत्तावीस डिग्री, ह्युमिडेक्स, म्हणजे दमटपणा धरून अंगाला जाणवणारी उष्णता, पस्तीस. मे महिन्यात अशी हवा अचानक येते आणि दोन दिवसांत जाते. गुरुवारी आयोजकांची मेल आली. उष्णतेचा धोका आहे, ज्यांना हवं त्यांनी अर्ध्या मॅरेथॉनमध्ये बदलून घ्या किंवा पुढच्या वर्षीवर ढकला, फी जाणार नाही. त्याच संध्याकाळी नंदनकाकांच्या बेसमेंटमध्ये मीटिंग झाली.

दीपाताई आल्या त्याच चिडलेल्या. बसल्या नाहीत.

"सगळ्यांनी हाफमध्ये बदलून घ्या," त्या म्हणाल्या. "आपण अख्खा हिवाळा उणे दहामध्ये प्रॅक्टिस केलीय. शेवटचा लाँग रन चार डिग्रीत झाला. अंगाला उष्णतेची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आपल्याकडे तीन आहेत. ज्यांना पूर्ण पळायचंच आहे त्यांनी वेळ विसरून, चालत-पळत करा. आणि तो शर्ट घालू नका. पातळ बिनबाह्यांचं, पांढरं किंवा फिकं काहीही घाला. जुनं असलं तरी चालेल."

नंदनकाकांनी हात वर केला. "लेट्स नॉट ओव्हररिॲक्ट. सत्तावीस डिग्री! अगं, सत्तावीस म्हणजे काय? आपण भारतातली माणसं. हे कॅनेडियन घाबरतात, ठीक आहे, त्यांचं समजू शकतो. आपल्याला उन्हाची सवय असते."

दीपाताईंचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. त्या वेळी मला गिरणीचं काही माहीत नव्हतं.

"कुणाला सवय असते?" त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "शौनक गेली दोन वर्षं एसीत बसून कोडिंग करतोय. अपूर्वाला इथे एकवीस वर्षं झाली. तुम्ही स्वतः जूनमध्ये दुपारी बाहेर पडत नाही. कुणाला सवय आहे? सवय काय जातीत असते का, रक्तात असते? अंगाला असते ती, आणि दोन आठवडे सोडली की जाते."

"मी श्याऐंशी साली कॉटनचं बनियन घालून पळालोय. तीन तास एक्कावन्न मिनिटं."

"श्याऐंशी साली किती डिग्री होती?"

"ते कुणाच्या लक्षात आहे!"

"मग कशाला सांगून राहिले?" चिडल्या की दीपाताईंचं नागपूर बाहेर येतं.

नंदनकाकाही आता चिडले. सवय नव्हती त्यांना. "हे बघा दीपा, एक साधा शर्ट आहे. एक फोटो आहे. पण तुम्हां लोकांना प्रत्येक गोष्टीत संघर्षच दिसतो."



"तुम्हां लोकांना म्हणजे कोणत्या?" दीपाताईंनी विचारलं.

नंदनकाकांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे... लॅबवाल्यांना."

आम्ही चौदा-पंधरा माणसं होतो तिथे. शिकलेली, चांगल्या पगाराची, घरी सगळ्या महापुरुषांचे फोटो असलेली. कुणीही तोंड उघडलं नाही. मी मीटिंगची टिपणं घेत होते आणि वहीत डोकं घालून बसले. दीपाताईंनी आमच्याकडे एकेक करून बघितलं, घाईनं नाही, सावकाश. मग बूट घातले आणि वर गेल्या. दाराचा आवाजसुद्धा केला नाही.

मी शौनकला दुसऱ्या दिवशी फोन केला. माझा गुडघा दुखावला होता म्हणून मी पळणार नव्हते, मी एकतिसाव्या किलोमीटरला पाणी आणि केळी घेऊन उभी राहणार होते. मी म्हटलं, हाफ कर की. तो म्हणाला, "अपूर्वाताई, दीपाताईंचं मला पटतं. पण काकांनी माझ्यासाठी इतकं केलंय. शर्टावरून त्यांना कसं दुखवू?" कॉटन काखेत घासतं म्हणून आतून एक घट्ट लांब बाह्यांचा बनियन घालायचं त्यानं ठरवलं होतं. म्हणजे दोन थर. मी 'बरं' म्हटलं. मी त्याला नको म्हणायला हवं होतं. मी फार्मसिस्ट आहे, मला कळतं.

रविवारी सकाळी आठला एकोणीस डिग्री होती आणि ढगाचा पत्ता नव्हता. माझं टेबल मांडायच्या आधी मी स्टार्टला जाऊन आले. तिथे तेरा मरून शर्ट रांगेत उभे राहिले. दीपाताई पांढऱ्या, धुवून धुवून जाळीसारख्या झालेल्या बिनबाह्यांच्या शर्टात, पांढरी टोपी घालून, जरा बाजूला मांडीला आणि काखेत व्हॅसलिन लावत होत्या. फोटो निघाला. त्यांना कुणी बोलावलं नाही. फोटोवाल्यानं विचारलं, "इज शी विथ यू?" नंदनकाका म्हणाले, "नॉट टुडे."

पावणेबाराला शौनक माझ्या टेबलाशी आला. त्याआधी आमचे दोघं जण येऊन, बसून, तिथेच थांबले होते. शौनक सरळ पळत नव्हता, रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला जात होता. चेहरा लाल नाही, राखाडी. मरून शर्ट काळा पडून अंगाला चिकटलेला. मी केळं पुढे केलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अपूर्वाताई, मिल्टनची ट्रेन गेली का?"

"शौनक, बस. इथे बस."

"नाही, ट्रेन जाईल." दोन पावलं टाकली आणि गुडघ्यांवर कोसळला, मग कुशीवर. मी हात लावला तर चटका बसावा तसं अंग. पाण्याच्या स्टेशनवरची व्हॉलंटियर पोरगी घाबरून फोनवर बोलायला लागली. कुणी म्हणे सावलीत न्या, कुणी म्हणे हात लावू नका, ॲम्ब्युलन्स येतेय. मी त्याच्या तोंडात पाणी घालायला गेले.

"पाणी नको पाजू! गुदमरेल!"

दीपाताई. त्या मागून चालत-पळत येत होत्या, ठरवल्याप्रमाणे. शेवटचे शंभर मीटर त्या जोरात पळत आल्या.

"बर्फ कुठंय? आईस! व्हेअर इज युअर आईस?"

व्हॉलंटियर म्हणाली, ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत येईल, मॅम, वी शुड वेट.

"नो वेट! ही इज कुकिंग! यू अंडरस्टँड? कुकिंग!" दीपाताईंनी तिच्या टेबलावरची खोकी कापायची कात्री उचलली, शौनकच्या शर्टाच्या खालच्या काठात घातली आणि गळ्यापर्यंत सरळ कापत नेली. छपाईपाशी कात्री अडली. "चिप्प बसलाय सायचा," त्या दातओठ खाऊन म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी जोर लावला. आतला बनियनही कापला. बाटल्या गार ठेवायचा बर्फाच्या पाण्याचा निळा टब होता, तो आम्ही चौघांनी ओढत आणला आणि त्याच्यावर ओतत राहिलो. काखेत बर्फ, मानेखाली बर्फ, जांघेत बर्फ. केळ्यांखाली अंथरलेला माझा टॉवेल, लोकांच्या टोप्या, जे मिळेल ते बर्फात भिजवून त्याच्या अंगावर. गरम झालं की काढून परत भिजवायचं. दीपाताई त्याच्या डोक्याशी बसून होत्या आणि तोंडानं सारख्या शिव्या देत होत्या. शर्टाला, विक्रमला, करंदीकरांना, मला. मला तर नाव घेऊन. "तुले समजत होतं ना? तू तर औषधवाली आहेस! काहून नाही बोलली?"

मी टॉवेल भिजवत राहिले.

मेडिकलवाले आले तेव्हा त्याचं तापमान एक्केचाळीसच्या वर होतं. त्यांनी त्याला तंबूत बर्फाच्या पाण्यात ठेवलं, उतरल्यावर हॉस्पिटलमध्ये नेलं. दीपाताई तिथेच रस्त्यावर बसून राहिल्या. अठरा आठवड्यांची मेहनत होती त्यांची. पुढे अकरा किलोमीटर राहिले होते. त्यांनी छातीवरचा नंबर काढून घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, अनन्याला फोन लाव."

अनन्या शौनकची बायको. ती हॉस्पिटलमध्ये पोचली तेव्हा शौनक शुद्धीवर होता, पण किडनीचे आकडे वाईट होते. दोन दिवस ठेवावं लागणार होतं. वेटिंग रूममध्ये आम्ही तिघी बसलो होतो. नंदनकाका आले, अंगात तोच मरून शर्ट. डोळे पाणावलेले. खरंच पाणावलेले, नाटक नव्हतं. ते अनन्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "देवाची कृपा, पोरगा वाचला."

दीपाताई म्हणाल्या, "देवाचा काही संबंध नाही. बर्फ होता म्हणून वाचला."

"दीपा, आत्ता ही वेळ आहे का?"

"मग कधी? गुरुवारी वेळ होती. तेव्हा मी बोलले. तेव्हा तुम्ही मला सांगितलं मी कोणत्या लोकांपैकी आहे."

नंदनकाका वळून खुर्चीकडे गेले आणि बसले. पाठीवरचा विक्रमचा चेहरा घामानं चुरगळला होता. नर्सनं आत बोलावलं तेव्हा अनन्या दीपाताईंचा हात धरून आत गेली.

शौनक बरा झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी क्लबचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा, आणि त्यात दीपाताईंचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. त्यांना आधी सांगितलं नव्हतं. सरप्राइज. जूनची संध्याकाळ, हॉलमध्ये एसी बंद पडलेला, आणि नंदनकाकांच्या हातात घडी घातलेली लोकरीची शाल.

भाषण चांगलं झालं त्यांचं. "त्या दिवशी अचानक हवामान बदललं," ते म्हणाले, "आणि अशा अनपेक्षित प्रसंगी आपल्या भगिनीनं प्रसंगावधान..."

"अचानक नाही," दीपाताई खालूनच म्हणाल्या.



दीपाताई उठून पुढे गेल्या. शाल त्यांच्या खांद्यावर घालायला नंदनकाकांच्या पत्नी, आमच्या काकू, पुढे आल्या होत्या, त्यांचा हात दीपाताईंनी हळूच बाजूला केला. "काकू, तुमच्यावर राग नाही. पण शाल नको." मग लोकांकडे वळल्या. "बुधवारी अंदाज आला होता. गुरुवारी आयोजकांची मेल आली होती. शर्टाचे आकडे मी एप्रिलमध्ये दिले होते. काहीही अचानक झालं नाही. माझा सत्कार करून तुम्ही सगळे मोकळे होणार, गोड गोष्ट होणार, बाईनं पोराला वाचवलं. बाईनं आधी सांगितलं होतं हे कुणी बोलणार नाही. मला शाल नको. क्लबच्या मिनिट्समध्ये लिहा. शर्ट सक्तीचा केला होता, इशारा दिला होता, ऐकला नाही. एवढं लिहा."

"ही ऑफिशियल मीटिंग नाही, दीपा. पॉटलक आहे."

"मग सत्कार ऑफिशियल कसा?"

त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मागून म्हणाली, "मॉम, प्लीज, लेट इट गो." दीपाताई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "नो. आय विल नॉट." आणि उभ्याच राहिल्या.

पुन्हा तसंच झालं. लोक आपापल्या ताटांकडे बघत बसले. मग अनन्या उठली. ती बोलत नाही फारशी. ती म्हणाली, "लिहा. माझा नवरा सांगू शकत नाही काकांना, त्याला संकोच वाटतो. मला वाटत नाही. लिहा."

मी पर्समधून वही काढली. तीच वही, गुरुवारची टिपणंही त्यातच होती. मी लिहिलं. शर्टाचं वजन, अंदाजाचा आकडा, माझी मेल, 'कंपल्सरी' शब्द मी ठळक केला होता हेही. 'तुम्हां लोकांना' हे वाक्यही मी लिहिलं, जसंच्या तसं, आणि त्याखाली कोण कोण हजर होतं आणि गप्प होतं त्यांची नावं, पहिलं माझं. मग उभी राहून ते मोठ्यानं वाचलं. नंदनकाकांपुढे सहीसाठी वही धरली. त्यांनी सही केली नाही. "याचा विचार करावा लागेल," म्हणाले आणि काकूंना घेऊन घरी गेले. श्रीफळ टेबलावरच राहिलं.

दीपाताई मला 'थँक यू' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "उशिरा लिहिलंस," एवढंच म्हणाल्या. आणि पोहे वाढून घेतले.

जुलै-ऑगस्टमध्ये त्या क्लबात आल्या नाहीत. एकट्या पळायच्या, पहाटे पाचला, उन्हाच्या आधी. मी विचारून त्यांच्याबरोबर जायला लागले. हळूहळू अनन्याही यायला लागली, पळायला नाही, सायकलवर, पाणी घेऊन. एकदा मी धीर करून म्हटलं, "दीपाताई, त्या गुरुवारी मी बोलायला हवं होतं." त्या पळतच होत्या. "हो," त्या म्हणाल्या, "हवं होतं."

सप्टेंबरमध्ये नंदनकाकांची मेल आली, सगळ्यांना. ऑक्टोबरच्या मॅरेथॉनसाठी क्लबनं नवीन शर्ट बनवले आहेत. पातळ, जाळीचे, फिकट, छपाई कमीत कमी. 'आधुनिक क्रीडाशास्त्रातील नव्या विचारानुसार.' ऐच्छिक. हवा तर घ्यावा. दीपाताईंचं नाव कुठेही नाही.

त्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. त्यांनी मेल दोनदा वाचली. "नवा विचार?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की कमलाबाई आतून बाहेर आल्या. "नवा? माझा विचार आहे तो! एप्रिलमधला! बादलीत बुडवून दाखवलेला!" मग तिथल्या तिथे त्यांनी रिप्लाय ऑल करून एकच ओळ लिहिली, 'हा विचार दीपा गजभिये यांचा आहे. कृपया दुरुस्ती करावी.' मी त्याखाली माझं नाव घातलं. रात्रीपर्यंत सहा जणांनी आपली नावं घातली. शौनकचं त्यात होतं. दुरुस्ती आली चार दिवसांनी, एका वाक्याची, रुक्ष. नंदनकाकांनी स्वतः लिहिलेली. माफीचा शब्द त्यात नव्हता. तो अजूनही आलेला नाही, आणि मिनिट्सवर सहीही नाही.

ऑक्टोबरच्या त्या रविवारी सकाळी सहा डिग्री होती. वर राखाडी ढग, झाडाचं पान हलत नव्हतं. आम्ही सगळे थरथरत होतो. दीपाताईंनी अंगावर नवऱ्याचा, प्रेमानंदांचा, कोपर फाटलेला जुना स्वेटर चढवला होता, स्टार्टपर्यंत ऊब राहावी म्हणून. निघताना तो काढून कठड्यावर टाकायचा. असे टाकलेले कपडे नंतर गोळा करून गरजूंना देतात. हातात पातळ मोजे, कानांवर पट्टी. आणि स्वेटरच्या खाली त्यांचा तोच जाळीदार पांढरा शर्ट. क्लबचा नवीन शर्ट त्यांनी घेतला नव्हता.

"चांगला आहे तो शर्ट," मी म्हटलं. "तुम्ही म्हणाला होता तसाच आहे."

"आहे ना. मी तपासला. उत्तम आहे. तू घाल," त्या म्हणाल्या. "मला ज्या दिवशी त्यांची सही झालेली वही मिळेल त्या दिवशी मी बघेन."

नंदनकाका पलीकडे दहा किलोमीटरवाल्यांच्या रांगेत उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघून हात थोडासा वर केला. दीपाताईंनी मान हलवली, हसल्या नाहीत.

चार तास चव्वेचाळीस मिनिटं लागली त्यांना. या वयात, आणि त्यांची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. फिनिशला मी फॉइलची चादर त्यांच्या खांद्यावर टाकली. ओठ निळसर होते, डोळे लाल.

"आता तरी बरं वाटतंय?" मी विचारलं.

"हवा चांगली होती," दीपाताई म्हणाल्या. "पस्तिसाव्या किलोमीटरला पाय संपले होते. मग मला तो आठवला, चष्मा पुसत बसलेला. लॅबवाल्यांना, म्हणे!" त्यांनी फॉइल घट्ट ओढून घेतली. "तिथून पुढे मी कुठेही थांबले नाही."